डंडॉकला 12.5 टक्के, न्यूरीला 25: शेजाऱ्याने कर उतरवला की आपणही उतरवायचा?

डब्लिनकर
परवा सीमेपलीकडे, ब्रिटनमध्ये मोडणाऱ्या उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीला किराणा भरायला गेलो होतो. सीमा कधी ओलांडली कळत नाही, पाट्यांवर किलोमीटरचे मैल होतात एवढंच. पण सीमेच्या अलीकडे आयर्लंडच्या डंडॉकला धंद्याच्या नफ्यावर 12.5 टक्के कर आणि पलीकडे ब्रिटनचा 25. उत्तर आयर्लंडला स्वतःचा दर ठरवायचा अधिकार 2015च्या कायद्याने मिळणार होता, एप्रिल 2018पासून 12.5 करायचंही ठरलेलं. जानेवारी 2017मध्ये बेलफास्टचं, म्हणजे उत्तर आयर्लंडचं, सरकार पडलं आणि सगळं बासनात. समोरचा भाव पाडत असताना आपण चढ्या भावाने बसलो तर गिऱ्हाईक जाणारच की!

खतावणी
अहो, ते फुकट नव्हतं. एखाद्या प्रदेशाने दर कमी केला तर खड्डा त्यानेच भरायचा, असा युरोपीय न्यायालयाचा 2006चा अझोर्स बेटांबाबतचा निकाल आहे. म्हणजे लंडनचं अनुदान तेवढं कापलं जाणार. कंपन्या येतील तेव्हा येतील, इस्पितळांचे पैसे आधी जाणार. शिवाय 50 हजार पौंडांपर्यंत नफा असलेल्यांना ब्रिटनमध्ये 19च टक्के आहे.

मधली आळी
दरावरच सगळं ठरत असतं तर बल्गेरियात रांग लागली असती, तिथे 10 टक्के आहे. आयर्लंडकडे इंग्रजी आहे, युरोपची बाजारपेठ आहे, 1967पासून मोफत माध्यमिक शिक्षण आहे. ब्रिटननेही 2010चे 28 उतरवत 2017ला 19वर आणले, आणि 2023मध्ये पुन्हा 25.

डब्लिनकर
बल्गेरियाचं मान्य. पण दराला किंमत नसती तर 2010मध्ये युरोपपुढे हात पसरावे लागले तेव्हाही आयर्लंड 12.5ला का चिकटून बसला? फ्रान्स-जर्मनी वाढवा म्हणून मागे लागले होते.

खतावणी
चिकटून म्हणजे किती, ते ॲपलच्या खटल्यात दिसलं. ॲपलकडून कराचे 13 अब्ज युरो वसूल करा, असं युरोपीय आयोगाने 2016मध्ये सांगितलं, तर ‘नकोत आम्हाला’ म्हणून सरकारच कोर्टात! सप्टेंबर 2024मध्ये हरले, म्हणून तिजोरी भरली.

मधली आळी
😄 आणि डब्लिनकर, 75 कोटी युरोंवर उलाढाल असलेल्या समूहांना 2024पासून दोन्हीकडे किमान 15 टक्के आहेच. न्यूरीने उद्या 12.5 केला तरी वरचे अडीच त्यांना भरावे लागणार.

डब्लिनकर
15 आणि 25मध्ये अजून दहाचा फरक आहे हो. तेवढ्यासाठी लोक गाडी काढून किराणाही पलीकडून आणतात.