मदत हवी आहे: ला निना आणि थंडीची लाट, बदलता संबंध खरा मानायचा कधी?

उत्तर महाराष्ट्रातल्या डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीच्या लाटांचे दिवस मोजतोय. आकडे हवामान खात्याचे, १ अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकटींचे, १९५१ पासूनचे रोजचे किमान तापमान. निकषही खात्याचाच: किमान १० अंश किंवा खाली, शिवाय सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश कमी. तुलना दोन निर्देशांकांशी: निनो ३.४ (विषुववृत्ताजवळच्या मध्य पॅसिफिकचं पृष्ठतापमान, ते सरासरीहून बरंच खाली गेलं की ला निना) आणि आर्क्टिक ऑसिलेशन (उत्तर ध्रुवाभोवतीच्या हवेच्या दाबातला चढउतार).

तापमानवाढीचा कल आधी वजा केलाय, नाहीतर अलीकडचे हिवाळे आपोआप उबदार ठरतात. १० अंशांची अट मात्र मूळ तापमानावरच ठेवलीय. बऱ्याच हिवाळ्यांत दिवस शून्य, म्हणून सहसंबंध पिअरसनऐवजी स्पिअरमनचा, म्हणजे आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांवरून. निनोचा प्रभाव वजा करून आर्क्टिक ऑसिलेशनचा संबंधही वेगळा तपासलाय.

अडलंय पुढे. २१ वर्षांच्या सरकत्या खिडकीत सहसंबंध वरखाली होतो, पण सत्तरेक हिवाळ्यांत एकमेकांवर न चढणाऱ्या खिडक्या जेमतेम तीन! १९७६-७७ मध्ये पॅसिफिकच्या तापमानाचा साचा बदलला, तिथे दोन तुकडे करणं सोपं, पण सीमा आधीच ठरवून शोधल्यासारखं वाटतं.

म्हणून संबंध स्थिर धरून हजार कृत्रिम मालिका बनवायच्या आहेत, आर या संगणकभाषेत; इतका वरखालीपणा नुसत्या योगायोगानेही येतो का, ते पाहायला. इतके शून्य असताना त्या निगेटिव्ह बायनॉमियलने (खूप विखुरलेल्या मोजणीच्या आकड्यांसाठीचं संभाव्यता-वितरण) बनवाव्यात, की मूळ हिवाळेच तीन-चार वर्षांच्या गठ्ठ्यांनी, निर्देशांकांसकट, क्रम बदलून?