गडद सुपरहीरो सिक्वेल पाहण्याबाबत सल्ला हवा आहे : प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांवर कितपत विसंबावे?

तिसरी रांग (धागाकर्ता)

नमस्कार. घरातल्या 11 वर्षांच्या मुलाला 'बॅटमॅन बिगिन्स' (2005) मनापासून आवडला असून पुढचा भाग कधी दाखवणार, असा त्याने लकडा लावला आहे. 'द डार्क नाइट' (2008) विषयी वाचायला घेतले, तेव्हा एकीकडे त्याला डोक्यावर घेणारे प्रेक्षक दिसले आणि दुसरीकडे 'हा मुलांचा चित्रपट नव्हे' असे बजावणारे पालकही दिसले. शिवाय मला स्वतःला 'जोकर: फोली आ दू' (2024) पाहायचा आहे, कारण पहिला 'जोकर' (2019) मला फार भावला होता, मात्र या दुसऱ्या भागाची प्रेक्षकांनी सालटी काढलेली दिसतात. या दोन्ही चित्रपटांबाबत जाणकारांनी सल्ला द्यावा, आणि इतक्या टोकाच्या प्रतिक्रिया वाचताना त्यांतले काय घ्यावे व काय सोडावे, हेही सांगावे. 'द डार्क नाइट'चा कथाभाग उघड झाला तरी हरकत नाही; 'जोकर'च्या दुसऱ्या भागाचा शेवट मात्र कृपया सांगू नये.

पडद्यामागून

आधी मुलाच्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण त्याचे उत्तर वयाच्या आकड्यावर सोडून देता येत नाही. 'द डार्क नाइट'ला अमेरिकेत पीजी-13 (13 वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावधगिरीची सूचना) आणि ब्रिटनमध्ये 12ए (12 वर्षांखालील मुलांनी मोठ्यांसोबतच पाहावा) असे प्रमाणपत्र मिळाले होते. ब्रिटनमध्ये हे प्रमाणपत्र फार सैल आहे, असे अनेक पालकांना वाटले आणि तिथल्या प्रमाणन मंडळाकडे साडेतीनशेहून अधिक तक्रारी गेल्या. आता गंमत अशी आहे की चित्रपटात रक्त जवळजवळ दिसतच नाही. पेन्सिलीचा तो कुप्रसिद्ध प्रसंग आठवून पाहा : खलनायक जोकर टेबलावर पेन्सिल उभी करतो, ती गायब करून दाखवतो म्हणतो, गुंड पुढे येतो आणि क्षणार्धात सारे संपते. जखम कॅमेऱ्याने दाखवलेलीच नाही, तरीही पाहणाऱ्याला ती पाहिल्यासारखी वाटते. तक्रार करणारे आणि प्रमाणपत्र देणारे आपापल्या जागी बरोबर होते, कारण एक बाजू पडद्यावर काय दिसते ते मोजत होती आणि दुसरी मुलाच्या मनात काय उतरते त्याबद्दल बोलत होती.

माझ्या मते 11 वर्षांच्या मुलाला जड जाणाऱ्या गोष्टी मारामारीत नाहीत. बॅटमॅनचा वेश घेतलेल्या एका सामान्य माणसाला ओलीस ठेवून जोकर त्याची चित्रफीत बनवतो आणि तो माणूस घाबरून रडवेला होतो, ती चित्रफीत; सरकारी वकील हार्वी डेंटचा अर्धा जळालेला चेहरा; आणि शेवटाकडे पोलीस अधिकारी गॉर्डनच्या लहान मुलावर डेंटने रोखलेले पिस्तूल, ही ती तीन ठिकाणे आहेत. यांतले तिसरे मला सर्वांत अवघड वाटते, कारण तिथे धोका मुलालाच आहे आणि तो देणारा माणूस तासाभरापूर्वीपर्यंत शहराचा नायक होता.

आपण आधी एकट्याने पाहून घ्यावा, चित्रपट 152 मिनिटांचा असल्याने तो दोन बैठकींत विभागावा आणि मुलासोबत दिवसा पाहावा, असे सुचवतो. नायकाची मैत्रीण रेचेल वाचत नाही, हे त्याला आधीच सांगून टाकले तरी चालेल. मोठ्या प्रेक्षकांच्या दृष्टीने हा रसभंग ठरेल. मुलासाठी तो आधार ठरतो.

काळी मांजर

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण 'दाखवावा' या निष्कर्षाशी नाही. 'बिगिन्स' आवडलेले मूल पुढच्या भागात नायकाचा विजय शोधते आणि 'द डार्क नाइट'मध्ये तो त्याला मिळत नाही. चौकशीचा प्रसंगच घ्या. अंधाऱ्या खोलीत जोकर एकटा बसलेला आहे, अचानक दिवे लागतात आणि बॅटमॅन त्याच्या पाठीमागे उभा दिसतो. प्रसंगाची सारी मांडणी नायकाच्या बाजूने झुकलेली असते. मग मार बसू लागतो आणि मार खाणारा हसत राहतो. नायकाच्या ताकदीचा इथे काहीही उपयोग नाही, हे प्रेक्षकाला नायकाच्या आधी कळते. प्रौढ प्रेक्षकाला हीच या चित्रपटाची थोरवी वाटते. लहान मुलाला मात्र एवढेच दिसते की आपला माणूस हरला. दोन वर्षे थांबल्याने काहीही बिघडणार नाही.

जुना प्रोजेक्टर

प्रतिक्रिया कशा वाचाव्यात, या प्रश्नाबद्दल लिहितो.

पहिल्या भागाने प्रेक्षकाला एक शब्द दिलेला असतो. दुसरा भाग तो शब्द पाळतो, वाढवतो किंवा मोडतो, आणि प्रतिक्रिया बहुधा त्या व्यवहाराबद्दल असते. चित्रपटाबद्दल तिच्यातून निम्मेच कळते. 1992 साली 'बॅटमॅन रिटर्न्स' आला, तेव्हा हेच झाले. 1989 च्या पहिल्या चित्रपटाने खेळण्यांची आणि कपड्यांची मोठी बाजारपेठ उभी केली होती, त्यामुळे मॅकडोनाल्ड्सने मुलांच्या जेवणासोबत दुसऱ्या भागातली खेळणी दिली. पालक मुलांना घेऊन गेले आणि पडद्यावर त्यांना दिसला तोंडातून काळा द्रव गाळणारा, कच्चे मासे खाणारा पेंग्विन नावाचा खलनायक. ओरड झाली, गल्ला पहिल्या भागाच्या तुलनेत बराच कमी जमला आणि 1995 च्या तिसऱ्या भागासाठी टिम बर्टन यांच्याऐवजी जोएल शूमाकर यांना दिग्दर्शक नेमून चित्रपटाला भडक, उजळ रूप देण्यात आले. आज त्याच 'रिटर्न्स'ला जीव लावणारा मोठा प्रेक्षकवर्ग आहे. खेळण्याच्या डब्याने दिलेला शब्द त्याला आता पाळावा लागत नाही, एवढाच फरक पडला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिक्रिया केव्हा लिहिली गेली, ते पाहावे. 'द डार्क नाइट राइझेस' जुलै 2012 मध्ये प्रदर्शित होण्याआधीच प्रतिकूल परीक्षणे लिहिणाऱ्या समीक्षकांना इतक्या शिव्या आणि धमक्या आल्या की रॉटन टोमॅटोज या परीक्षणे एकत्र करणाऱ्या संकेतस्थळाला त्या चित्रपटावरील वाचकांच्या टिप्पण्या बंद कराव्या लागल्या. त्या संतापलेल्यांपैकी बहुतेकांनी चित्रपट पाहिलेलाही नव्हता! प्रदर्शनाआधीच्या आणि पहिल्या दोन दिवसांतल्या प्रतिक्रिया मी स्वतः वगळतो.

तिसरी रांग (धागाकर्ता)

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. मुलाच्या बाबतीत अजून द्विधा आहे, पण निदान काय पाहायचे ते कळले. 'जोकर'च्या दुसऱ्या भागाला सिनेमास्कोरमध्ये 'डी' श्रेणी मिळाल्याचे वाचले. ही श्रेणी नेमकी कोण देते आणि ती कितपत गांभीर्याने घ्यावी?

पडद्यामागून

सिनेमास्कोर ही अमेरिकेतील पाहणी आहे. प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांना मतपत्रिका दिली जाते आणि त्यांवरून 'ए प्लस' ते 'एफ' अशी श्रेणी ठरते. पहिल्या रात्री हौसेने तिकीट काढून जाणारा माणूस मुळातच अनुकूल असतो, त्यामुळे श्रेण्या वरच्या बाजूला झुकलेल्या असतात, हे ध्यानात ठेवावे. 'द डार्क नाइट'ला 'ए' मिळाली. 2016 च्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ला 'बी' मिळाली. शाळेत ही श्रेणी बरी वाटली असती, इथे ती धोक्याची घंटा ठरली आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस अमेरिकेतला गल्ला सुमारे 69 टक्क्यांनी घसरला. तेव्हा 'डी' म्हणजे हौसेने आलेले लोकच संतापून बाहेर पडले. ही श्रेणी खरी आहे आणि ती गांभीर्याने घ्यावी, मात्र 'अपेक्षाभंग किती झाला' याचे मोजमाप म्हणून.

निळी शाई

'फोली आ दू'च्या बाजूने बोलणारे थोडे आहेत, त्यांपैकी मी एक. म्हणून शेवट न सांगता माझे मत मांडते.

पहिल्या 'जोकर'ला व्हेनिस महोत्सवात गोल्डन लायन हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, जगभरात त्याने 1 अब्ज डॉलरच्या पुढे गल्ला जमवला आणि वाकिन फिनिक्स यांना ऑस्कर मिळाले. त्या यशात एक अडचण दडलेली होती. चिरडल्या गेलेल्या आर्थर फ्लेकबद्दल कणव वाटणारे आणि जिन्यावर नाचणाऱ्या जोकरबद्दल थरार वाटणारे, असे दोन प्रेक्षक एकाच सभागृहात बसलेले होते. दुसरा भाग आर्थरचा आहे. तो तुरुंग-इस्पितळात खंगलेला आहे, त्याच्यावर खटला चालू आहे आणि आर्थर व जोकर या दोन वेगळ्या व्यक्ती मानाव्यात का, असा न्यायालयापुढचा प्रश्न आहे. लेडी गागा यांची ली त्याच्यावर भाळते, पण ती कोणावर भाळली आहे, हे पाहणाऱ्याला आर्थरच्या आधी उमगते. ज्यांना जिना हवा होता, त्यांना साक्षीदाराचा पिंजरा मिळाला.

एक प्रसंग मात्र चुकवू नये. गॅरी हा पहिल्या भागातला ठेंगणा सहकारी साक्षीला उभा राहतो. आर्थर स्वतःच आपला वकील झालेला असतो, चेहऱ्याला रंग फासून आणि नाटकी हेल काढून तो त्याची उलटतपासणी घेतो, सभागृहाला हसवू पाहतो. गॅरी त्याला सांगतो की सगळ्यांत एकटा तूच माझी टिंगल केली नव्हतीस. त्यानंतर तो सोंगाचा हेल टिकवणे आर्थरला किती जड जाते, ते फिनिक्स यांच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखे आहे.

आता दोषही सांगते. गाणी बरीच आहेत, बहुतेक जुनी अमेरिकी आहेत, आणि त्यांतली अनेक कथा पुढे नेत नाहीत. पात्रे थांबतात, गातात आणि जिथे होती तिथेच राहतात. 138 मिनिटांत मधला भाग रेंगाळतो. 'कंटाळा आला' असे म्हणणाऱ्या प्रेक्षकांशी मी वाद घालणार नाही. 'आमच्या जोकरचा अपमान केला' असे म्हणणाऱ्यांशी नक्की घालेन, कारण चित्रपटाने त्यांना मुद्दामच दुखावले आहे आणि तो त्याचा हक्क आहे.

काळी मांजर

हक्क असेल, पण तिकिटाचे पैसे देणाऱ्याला दुखावण्यासाठी 138 मिनिटे लागू नयेत. 'लोगन' (2017) पाहा. ह्यू जॅकमन यांचा 'एक्स-मेन' मालिकेतला नायक वोल्व्हरिन म्हातारा झालेला, जखमा भरून न येणारा. त्याचा गुरू प्राध्यापक झेवियर मेंदूच्या आजाराने असहाय झालेला. लोकांच्या लाडक्या दोन्ही पात्रांची इतकी दुर्दशा करूनही प्रेक्षक रागावले नाहीत, कारण दिग्दर्शक जेम्स मँगोल्ड यांना त्या पात्रांबद्दल माया आहे, हे चौकटीचौकटीत जाणवते. 'डार्क' असण्याबद्दल प्रेक्षकांची तक्रार फारशी कधी नसतेच. आपल्याला तुच्छ लेखले गेल्याची असते. धागाकर्त्यांनी स्वतःसाठी आधी 'लोगन' पाहावा. मुलाला मात्र तो अजिबात दाखवू नये, त्यातील हिंसा उघड आहे आणि तिच्यातला बराच वाटा लहान मुलीच्या हातून घडतो.

निळी शाई

'लोगन'बाबत पूर्ण सहमत. तुच्छ लेखण्याचा आरोप 'फोली आ दू'वर मला मान्य नाही, पण तो चर्चेचा विषय शेवट सांगितल्याशिवाय पुढे नेता येणार नाही, म्हणून इथे थांबते.

जुना प्रोजेक्टर

एक व्यावहारिक सूचना राहिली. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ही यादीत असेल, तर चित्रपटगृहातली 151 मिनिटांची आवृत्ती न पाहता नंतर आलेली 182 मिनिटांची विस्तारित आवृत्ती पाहावी. कथेतले बरेच सुटलेले धागे तिच्यात जुळतात. जुन्या प्रतिक्रिया बहुतांशी पहिल्या आवृत्तीबद्दलच्या आहेत, त्यामुळे त्या वाचताना तारीख तपासावी.

तिसरी रांग (धागाकर्ता)

सर्वांचे पुन्हा आभार. या शनिवारी 'द डार्क नाइट' आधी एकट्याने पाहतो आणि गॉर्डनच्या मुलाचा प्रसंग पाहून मग ठरवतो. 'लोगन' त्यानंतर, आणि 'फोली आ दू' सर्वांत शेवटी. तो पाहून झाला की त्याच्या शेवटावर बोलण्यासाठी रसभंगाची स्पष्ट सूचना देऊन वेगळा धागा काढेन. काळी मांजर आणि निळी शाई यांनी आपला वाद तिथे जरूर पुढे चालवावा.