दिव्यांगांची जिल्हा समिती: अधिकार द्या, नाहीतर बरखास्त करा

रॅम्पवाला
अडीच वर्षं जिल्हास्तरीय दिव्यांग समितीवर अशासकीय सदस्य म्हणून बसलो. (बसलो ते माझ्याच खुर्चीवर, ती सोबत न्यावी लागते.) आता माझं मत पक्कं झालंय: एक तर या समितीला अधिकार द्या, नाहीतर ती मोडीत काढा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ७२ बघा. राज्य सरकारने जिल्हा समिती नेमावी, तिची कामं सरकारनेच ठरवावीत. संपलं, कलम एका वाक्याचं आहे. त्यातून उगवतं काय, तर चहा, बिस्किटं, 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' आणि 'संबंधितांना कळविण्यात यावे'.

एक नमुना सांगतो. तालुक्याच्या एका सरकारी इमारतीला रॅम्प करावा असा आम्ही ठराव केला. चार पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे दोन फूट चढ. एकास बारा (एक फूट चढाला बारा फूट लांबी) या हिशेबाने चोवीस फूट लांबी लागते, शिवाय वर सपाट जागा. टेप लावून मोजला तर नऊ फूट. वरून गुळगुळीत ग्रॅनाइट. पावसाळ्यात शिपाई त्यावर गोणपाट टाकतो, कारण चालती माणसंही घसरतात. मला दोघांनी ढकलून वर नेलं. उतरताना उलटा उतरलो, कठडा घट्ट धरून. पुढच्या इतिवृत्तात ओळ आली, 'रॅम्पचे काम पूर्ण'. खाली उपस्थितांत माझं नाव.

समिती नसती तर तो रॅम्प निदान बेवारस राहिला असता. आता त्यावर आमची मोहोर आहे.

जुना ओव्हरसियर
राग समजतो, पण निष्कर्ष चुकलाय. बांधकामात ३१ वर्षं काढली, नऊ फुटी रॅम्प कसे जन्माला येतात ते सांगतो. अंदाजपत्रकात लिहिलेलं असतं, 'रॅम्प, १ नग'. नग! लांबी नाही, उतार नाही. पायरीपासून फाटकापर्यंत जेवढी जागा उरते तेवढ्यात कंत्राटदार काँक्रीट ओततो आणि बिल काढतो. तुमच्या ठरावात 'उतार १:१२' एवढं असतं तर एमबी (मोजमापाची वही) लिहिताना माझ्यासारख्याचा हात थबकला असता. तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं? 'रॅम्प करावा'. बरोबर ना?

आणि मंजुरीचा अधिकार समितीला मुळीच नको. अग्निशमन, नगररचना, विद्युत निरीक्षक, आधीच दाखल्यांची रांग आहे. एक सही वाढली की एक टेबल वाढतं. टेबल वाढलं की काय वाढतं, ते इथे लिहायला नको.

रॅम्पवाला
काका, 'रॅम्प करावा' एवढंच लिहिलं होतं. लागलं ते. पण उतार लिहिणं माझं काम की तुमच्या खात्याचं? आणि टेबल वाढवा असं मी म्हणतच नाही. कलम ४४ सांगतंच की नियमात न बसणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. आहे त्याच टेबलाशी आमच्यातला एक माणूस टेप घेऊन उभा करा.

कायदेकानू
दोघेही उगाच समितीला कवटाळून बसलात. राज्य पातळीवर बघा. दिव्यांगांविषयीचं राज्य सल्लागार मंडळ २०१८ मध्ये झालं. कायद्याप्रमाणे ते सहा महिन्यांत एकदा तरी बसायला हवं. अशासकीय सदस्यांच्या जागा भरल्या नाहीत म्हणून २०२० पासून ठप्प झालं होतं. मुंबईतल्या पदपथांवर उभे केलेले बोलार्ड (आखूड खांब) व्हीलचेअरची वाट अडवतात, हे प्रकरण उच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतलं, तेव्हा २०२४ मध्ये न्यायालयानेच सरकारला विचारलं की मंडळ कुठे आहे. चार वर्षं मंडळ नव्हतं. कोणाला कळलं तरी?

खरं काम न्यायालयात होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा सुगम्यतेबद्दलचा (दिव्यांगांना सहज वापरता येण्याबद्दलचा) नियम १५(१) रद्दबातल ठरवला, कारण कायदा सक्ती सांगतो आणि नियम नुसती शिफारस करत होता. सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा असा आदेश दिला. एका समितीने असं काही केलेलं दाखवा.

पांढरी काठी
दाखवते. आधी तुमचाच दाखला घेऊ. रतुरींची याचिका २००५ ची. पहिला मोठा निकाल २०१७ चा, आणि हा २०२४ चा. एवढ्यात माझं कॉलेज झालं, नोकरी लागली, बदली झाली.

आता माझ्या रस्त्याचं ऐका. पदपथावर पिवळ्या फरश्या बसवल्या. रेघांची फरशी म्हणजे चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा. कंत्राटदाराकडे ठिपक्यांचा माल जास्त असावा, कारण सबंध दीडशे पावलं नुसते ठिपके. दर पावलाला थांबा! आणि पट्टी संपते कुठे, तर थेट विजेच्या डीपीच्या पेटीवर. नगरसेवकाकडे तीनदा गेले, तो म्हणाला वीजवाल्यांना सांगा. शेवटी समितीतल्या एका सदस्याला हाताला धरून तिथे नेलं, त्यांनी बैठकीत फोटोसकट विषय मांडला. तीन आठवड्यांत पट्टी वळली. ठिपके मात्र अजून तसेच आहेत, ते असो.

म्हणून बरखास्तीला माझा विरोध. पण रॅम्पवाला, एक तुम्हालाही. कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. तुमच्या बैठकीत किती दिसतात? मला कळलेल्या समित्यांत अस्थिव्यंग पुरुषांची बहुमतं असतात. कर्णबधिर सदस्य एखादा असलाच तर सांकेतिक भाषेचा दुभाषा नसतो. तो दोन तास सगळ्यांची तोंडं हलताना बघतो आणि सही करून जातो.

रॅम्पवाला
आमच्याकडे कर्णबधिर सदस्य होते. दुभाषा नव्हता. मी मोबाइलवर टाइप करून दाखवायचो, तेही आठवण झाली तर. कबूल.

वाडीवरचा
मी ग्रामपंचायत सदस्य. तुमचं हे सगळं शहरी भांडण आहे, राग मानू नका. आमच्याकडे दिव्यांग म्हटलं की एकच विषय, पाच टक्के निधी, म्हणजे स्वउत्पन्नातला दिव्यांगांसाठी राखायचा वाटा. आमचं स्वउत्पन्न साडेचार लाख. पाच टक्क्यांचे साडेबावीस हजार. गावात दिव्यांग ३१. वाटले तर माणशी सव्वासातशे रुपये. मी सुचवलं, यातून शाळेच्या शौचालयाला रुंद दार आणि दांडी बसवू. ग्रामसभेत दिव्यांग बांधवांनीच मला झापलं. 'आमच्या हक्काचा पैसा शाळेच्या दारात घालता?' आता सांगा, सल्ला कोणाचा ऐकू?

साताऱ्याची मावशी
त्यांचं चुकलं नाही. दाराचं काम शाळेच्या पैशातून व्हायला हवं, दिव्यांगांच्या सव्वासातशेतून का? ही पळवाट गावोगाव आहे. सुगम्यतेचा खर्च म्हटला की तो दिव्यांगांच्याच डब्यातून काढायचा.

माझ्या भाच्याला स्वमग्नता आहे. वय २६. रॅम्प, फरशी कशानेच त्याचं काही होत नाही. त्याला लागतो शांत कोपरा आणि रांगेत न ओरडणारा कारकून. कुठल्या समितीच्या विषयपत्रिकेवर हे कधी आलं असेल तर सांगा.

सरळ बोला
सल्लागार वगैरे सोडा, सभागृहातच बसवा. तमिळनाडू विधानसभेने २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत दिव्यांगांना नामनिर्देशित सदस्य म्हणून घेण्याची विधेयकं मंजूर केली. आपल्याकडे का नको?

जुना ओव्हरसियर
आपल्याकडे स्वीकृत (निवडून न येता नेमलेले) नगरसेवक आहेतच की. 'विशेष ज्ञान' म्हणून घ्यायचे असतात. प्रत्यक्षात कोण येतं, पडलेले उमेदवार नाहीतर नाराज कार्यकर्ते. आणि घटनेच्या कलम २४३-आर मध्ये स्पष्ट आहे की अशा सदस्यांना सभेत मत नाही. बसतील, बोलतील. म्हणजे पुन्हा सल्लाच.

सरळ बोला
सल्लाच, पण पत्रकारांसमोर. बंद खोलीतला सल्ला आणि सभागृहातला सल्ला यात फरक आहे काका.

रॅम्पवाला
बरखास्तीचा हट्ट सोडतो. पांढरी काठीताईंच्या डीपीमुळे, कायदेकानूंच्या युक्तिवादामुळे नव्हे. अधिकाराची मागणी सोडत नाही, फक्त लहान करतो. कलम ८१ प्रमाणे राज्य दिव्यांग आयुक्तांनी शिफारस केली की खात्याला तीन महिन्यांत कारवाई कळवावी लागते, आणि मान्य नसेल तर कारण द्यावं लागतं. हेच जिल्हा समितीच्या ठरावाला लावा. मंजुरी नको, सही नको. 'नाही' म्हणा, पण का ते लिहून द्या.

कायदेकानू
कारणं देण्यात सरकारी खात्यांचा हात कोणी धरत नाही. 'निधीअभावी' हा एक शब्द लिहिला की झालं.

जुना ओव्हरसियर
लिहू द्या. 'निधीअभावी' लिहिलेलं पत्र हातात आलं की माहिती अधिकारात त्याच वर्षीचं रंगरंगोटीचं बिल मागता येतं. तोंडी नकाराचं काही करता येत नाही.

रॅम्पवाला, पुढच्या ठरावाचा मसुदा असा करा: 'विद्यमान रॅम्प तोडून १:१२ उताराचा, खडबडीत पृष्ठभागाचा रॅम्प बांधावा. रुंदी १२०० मिमी पेक्षा कमी नसावी. अंतिम देयकापूर्वी समिती सदस्यासमक्ष संयुक्त मोजणी करून तक्ता जोडावा.' यातलं 'अंतिम देयकापूर्वी' महत्त्वाचं. बिल निघाल्यावर कंत्राटदार फोनही उचलत नाही.

रॅम्पवाला
जसाच्या तसा उतरवून घेतला. पण चोवीस फुटांना फाटकाच्या आत जागाच नाही हो.

जुना ओव्हरसियर
सरळ कशाला काढता? बारा फुटांवर सपाट टप्पा द्या आणि परत वळवा. दुचाकीचा स्टँड हलवावा लागेल, त्यावरून ओरड होईल. फोटो आणि मापं पाठवा, कागदावर काढून देतो.