दिचातोच्या किनाऱ्यावर असादो आणि काबेर्ने: यात किनाऱ्याला काय मिळतं?

रानजाई (धागाकर्ती)
नोकरीनिमित्त चिलेत दोन वर्षं होते. तिकडचा उन्हाळा म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी, अख्खा देश समुद्राकडे धावतो. दिचातो या किनाऱ्यावरच्या गावात संध्याकाळी फिरायला निघालं की जिथेतिथे असादोचा, म्हणजे कोळशावर मांस भाजण्याचा, धूर. जाळीवर लोमो व्हेतादो (बरगडीलगतचं, चरबीची नक्षी असलेलं मांस), लोंगानिसा (डुकराच्या मांसाचं सॉसेज), आणि ग्लासात हमखास एखाद्या बड्या कंपनीची काबेर्ने (जड, तुरट लाल वाइन).

27 फेब्रुवारी 2010 ला पहाटे 3:34 वाजता 8.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि मागोमाग आलेल्या त्सुनामीने हे गाव जवळजवळ पुसून टाकलं. आज रुंद समुद्रपथ आहे, झाडांचा पट्टा आहे, पर्यटक आहेत. पण ताट बघा. मांस आतल्या खोऱ्यातून, वाइनही तिथूनच. समुद्राकाठच्या माणसाच्या वाट्याला उरतं ते भांडी घासणं.

माझं मत: अशा गावात जाऊन काबेर्ने मागवू नये. इताता भागातली सिन्सो किंवा माउले भागातली पाईस, यातली एखादी हलकी लाल वाइन घ्यावी. छोट्या शेतकऱ्यांच्या जुन्या, बिनसिंचनाच्या वेलींची ही वाइन. आणि निदान एक जेवण मासळीचं करावं.

कोळसा-मीठ
असहमत. चव म्हणजे देणगीची पावती नव्हे. लोमो व्हेतादोसारखं चरबीदार मांस समोर आहे आणि मी पातळ पाईस पिऊ? टॅनिन (लाल वाइनमधला तुरट घटक) आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. घासाबरोबर मांसाची प्रथिनं आणि चरबी आली की तो कोरडेपणा बोथट होतो, जाड्या मिठाने कडवटपणाही दबतो. काबेर्ने असादोबरोबर जमते ती याच कारणाने. शिवाय या किनाऱ्यावर येणारे बहुतेक चिलेचेच लोक, आणि ते असादोसाठीच येतात. त्यांना मासळी खा म्हणून सांगणारे आपण कोण?

रानजाई
ते गणित लाल, रसरशीत मांसाचं. जाळीवर कड काळी पडते तेव्हा? करपल्याचा कडवटपणा, वर टॅनिनचा, त्यावर वाइन मुरवतात त्या ओक लाकडाच्या पिंपाचा. तीन कडवट पाहुणे एका टेबलावर! लोंगानिसा आणि डुकराच्या बरगड्यांना हलकी, आंबटसर लाल वाइनच शोभते. थंड करून घ्या एकदा, मग भांडू.

आणि सिन्सोचं म्हणाल तर इतातात ती लावली गेली तीच 1939 च्या चियान भूकंपानंतर, उद्ध्वस्त झालेल्या भागाला उभं करताना. भूकंपातून आलेली वेल भूकंपातून सावरणाऱ्या गावात प्यायची, यात मला तरी अर्थ दिसतो.

द्राक्षवेडा
थोडं अवांतर. कार्मेनेर ही लाल द्राक्षाची जात कुणालाच कशी आठवली नाही? चिलेत ती वर्षानुवर्षं मेर्लो म्हणून विकली जायची, 1994 मध्ये फ्रेंच तज्ज्ञ बूर्सिको यांनी ओळखली. तिच्यात हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास असतो. बऱ्याच जणांना तो दोष वाटतो, पण धुराबरोबर आणि पेब्रेबरोबर (कोथिंबीर, मिरची, कांद्याची तिकडची चटणी) तोच दोष गुण होतो.

मासळीबरोबर लाल वाइन मात्र नको. जपानमध्ये 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असं दिसलं की वाइनमध्ये लोह जास्त असेल तर शिंपल्यांबरोबर तोंडात उग्र वास उरतो. रंग पाहण्यापेक्षा लोह पाहावं, पण बाटलीवर ते लिहीत नाहीत, ही पंचाईत. इतातातली कोरडी मोस्कातेल (सुगंधी पांढरी वाइन) घ्या, सुटाल.

भरतीओहोटी
वाइनवर सगळे तुटून पडलेत, किनारा राहिला बाजूला. 2010 च्या भूकंपाच्या रात्री कोन्स्तितुसिओन या किनाऱ्यावरच्या शहरात, माउले नदीच्या मुखातल्या ओरेगो बेटावर लोक उन्हाळी सुट्टीचे तंबू टाकून झोपले होते. बेटाला पूल नव्हता, होडीनेच जायचं. कितीतरी जण तिथेच गेले. आणि नौदलाच्या संस्थेने दिलेला त्सुनामीचा इशारा मागे घेतला होता.

पर्यटन सावरतं ते सुरक्षिततेवर. कोन्स्तितुसिओनच्या पुनर्रचनेत वास्तुरचनाकार अलेहांद्रो आरावेना यांच्या गटाने नदीकाठी भिंत न बांधता जंगल लावायचं ठरवलं, लाटेचा जोर झाडांनी मोडावा म्हणून. लोकांना विचारून. 16 सप्टेंबर 2015 ला उत्तरेकडे 8.3 चा भूकंप झाला, 18 तारखेच्या राष्ट्रीय सणाला, म्हणजे घरोघरच्या असादोला, दोनच दिवस उरले होते. सुमारे दहा लाख लोक वेळेत किनाऱ्यापासून हलवले गेले, मृत्यू पंधरा. लोक परत येतात ते या भरवशावर. पाईस की काबेर्ने, हा भरल्या पोटी करायचा वाद आहे.

कोळसा-मीठ
+1. आणि रानजाई, आतल्या खोऱ्याला तुम्ही श्रीमंत परका ठरवलंत. 2010 मध्ये द्राक्षांची तोडणी तोंडावर असताना तिथल्या पोलादी टाक्या चेपल्या, पिंपांच्या चळती कोसळल्या. साडेबारा कोटी लिटर वाइन वाया गेल्याचा तेव्हाचा अंदाज होता. खोरंही त्याच भूकंपातलं आहे. काबेर्ने पिणारा कुणाला बुडवत नाही.

रानजाई
टाक्यांचं मान्य, ते मी विसरले होते. पण बड्या कंपनीच्या टाकीचा सहसा विमा असतो, कोळ्याच्या होडीला कुठला? भरतीओहोटी, जंगल हवंच, नाही कोण म्हणतंय? पण जंगल लावल्याने होडीवाल्याच्या चुलीवर भांडं चढत नाही. ते गिऱ्हाईक आल्यावर चढतं, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडचं काही मागेल तेव्हा.

भरतीओहोटी
बरं, एक सांगा. दिचातोत राहिलात कुठे? भाडं कुणाच्या खिशात गेलं?

रानजाई
…सांतियागोतल्या मालकाच्या. समुद्राकडे तोंड असलेलं घर होतं, आगाऊ पैसे भरून घेतलेलं. दोन आठवड्यांचं ते भाडं मी प्यायलेल्या सगळ्या सिन्सोच्या कितीतरी पट होतं. पुढच्या वेळी गावातलीच एखादी खोली बघते. काबेर्ने मात्र तरीही नाही.