बीटल्सच्या पडद्यामागच्या माणसांची पुस्तकं: कुठून सुरुवात करू?

तिसरी_घंटा
मंडळी, पीटर जॅक्सनची बीटल्सवरची ‘गेट बॅक’ ही माहितीपटमालिका परत बघायला घेतली. या वेळी जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांपेक्षा त्यांच्या मागेपुढे वावरणाऱ्या त्या दांडग्या चष्मेवाल्या गृहस्थाकडेच जास्त लक्ष गेलं. ऐरण काय आणून देतो, पॉलच्या तोंडून पडणाऱ्या ओळी कागदावर काय उतरवून घेतो, आणि शेवटी गच्चीवर गाणी चालू असताना खाली आलेल्या पोलिसांना बोलण्यात काय गुंतवून ठेवतो! मॅल एव्हान्स.

चौघांची चरित्रं वाचून झाली आहेत. हॅम्बुर्ग, लिव्हरपूलचा कॅव्हर्न क्लब, लेननची बायको योको, भांडणं हा क्रम आता झोपेतही सांगेन. मला मदतनीसांची पुस्तकं हवी आहेत. गाडी हाकणारे, पेट्या उचलणारे, रेकॉर्डिंग करणारे, चाहत्यांची पत्रं फोडणारे, कुणीही चालेल. हौशी नाटकात वर्षानुवर्षं विंगेत उभी असते, त्यामुळे हा ओढा असावा. इंग्रजी चालेल, थोडं गॉसिपही चालेल, पण नुसतं गॉसिप नको.

रेकॉर्डवेडी
मग मॅलपासूनच सुरू कर. केनेथ वॉमॅकचं ‘लिव्हिंग द बीटल्स लेजंड’, २०२३ मध्ये आलं. पाचशेच्या वर पानं आहेत, पण हातातून ठेववत नाही.

या पुस्तकाची जन्मकथाच वेगळी. मॅल डायऱ्या ठेवायचा आणि त्यांवरून त्याने आठवणींचं पुस्तक लिहीत आणलं होतं. हस्तलिखित द्यायची वेळ जवळ आली असताना, ४ जानेवारी १९७६ ला, लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांच्या गोळ्या लागून तो गेला. मनाने पार खचलेला, हातात बंदूक, वय अवघं ४०. त्याचं सगळं बाड न्यूयॉर्कमध्ये प्रकाशकाच्या तळघरात धूळ खात पडलं. १९८८ मध्ये तिथे तात्पुरत्या कामावर आलेल्या एका बाईंना ते सापडलं, त्यांनी योकोच्या माणसांना कळवलं आणि बाड मॅलच्या घरी पोचलं. वॉमॅकने लिहिलंय ते त्या कागदांच्या आधारावर.

एकच प्रसंग सांगते, बाकी तू वाच. जानेवारी १९६३. नेहमीचा ड्रायव्हर नील तापाने आडवा, म्हणून मॅलला बदली नेलं. तेव्हा तो पोस्ट खात्यात टेलिफोन इंजिनिअर होता आणि फावल्या वेळात कॅव्हर्नच्या दारावर उभा राहायचा. लंडनहून परतताना खडा उडून व्हॅनच्या पुढच्या काचेला तडे गेले, समोरचं काही दिसेना. गड्याने हाताला हॅट गुंडाळली, ठोसा मारून काचेला भगदाड पाडलं आणि हाडं गोठवणारा वारा तोंडावर घेत लिव्हरपूलपर्यंत गाडी आणली. मागे चौघं ऊब यावी म्हणून एकावर एक थप्पी लावून पडलेले, सोबतीला व्हिस्कीची बाटली. त्याच वर्षी मॅलने सरकारी नोकरी सोडली!

शेवटचा भाग जड जातो, आधीच सांगून ठेवते. बायको लिली आणि दोन मुलं घरी, आणि हा अष्टौप्रहर या चौघांच्या दिमतीला. ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या वेळी गाण्यांच्या ओळी सुचवल्याचं आणि त्याबद्दल पैसे मिळतील असं सांगितलं गेल्याचं डायरीत आहे. पण तबकडीवर त्याचं नाव गीतकार म्हणून कुठेही नाही.

खरखर_७८
रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर रात्री.

चकलीचा_सोऱ्या
मॅल तर गाण्यांतही आहे. ‘अ डे इन द लाइफ’ लावा, हेडफोन लावूनच. मधल्या २४ मात्रांच्या... चुकलं, २४ बारच्या (एका बारात चार मात्रा) जागेत काय घालायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून ती मोकळी सोडली आणि मॅलला आकडे मोजायला उभं केलं. आकडा वाढत जातो तसा त्याच्या आवाजावरचा एको वाढत जातो. जागा संपल्याची खूण म्हणून गजराचं घड्याळ वाजवलं. पुढच्याच ओळीत पॉल झोपेतून उठतो, त्यामुळे तो गजर तसाच राहिला. आणि शेवटचा तो लांबलचक पियानोचा सूर? ते दाबणाऱ्या हातांत मॅलचेही हात आहेत.

‘रबर सोल’ अल्बमच्या कव्हरवर तर ऑर्गनवादक म्हणून नाव छापलंय. वाजवला काय, तर ‘यू वोन्ट सी मी’मध्ये एकच सूर दाबून धरलाय. :)

खरखर_७८
आलो. मॅलनंतर जेफ एमरिकचं ‘हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर’ (२००६) घ्या. हा पोरगा १९६२ मध्ये पंधराव्या-सोळाव्या वर्षी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत लागला आणि विशीत ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमचा मुख्य साउंड इंजिनिअर झाला. ६ एप्रिल १९६६, पहिलंच गाणं ‘टुमॉरो नेव्हर नोज’. लेननची मागणी अशी की माझा आवाज डोंगरमाथ्यावरून दलाई लामा मंत्र म्हणतायत असा आला पाहिजे. एमरिकने काय केलं, तर हॅमंड ऑर्गनचा लेस्ली स्पीकर असतो ना, आत फिरणारा, त्यातून लेननचा आवाज काढला. रिंगोच्या मोठ्या ड्रमच्या पोटात लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माइक अगदी जवळ नेऊन ठेवला. माइक किती अंतरावर हवा याचेही तिथे लेखी नियम होते, म्हणजे हे साहेबाच्या डोळ्यादेखत नियम मोडणंच. अशी पानंच्या पानं आहेत. १९६८ मध्ये ‘व्हाइट अल्बम’च्या कटकटीला वैतागून तो मध्येच काम सोडून गेला, ते प्रकरण तर दोनदा वाचावं असं.

बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याच्यावरचं हवं असेल तर पुन्हा वॉमॅकच, दोन खंड. नेटके आहेत, पण मला थोडे कोरडे वाटले.

शंकासुर
एमरिक जरूर वाचा, पण चाळणी लावून. त्याच स्टुडिओतल्या केन स्कॉट या दुसऱ्या इंजिनिअरने या पुस्तकावर जाहीर आक्षेप घेतले होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या दुपारी कोण कुणाला काय म्हणालं हे अवतरणचिन्हांत कसं आठवतं बुवा? शिवाय हॅरिसनला गिटार धड जमत नव्हती असा जो सूर लावलाय तो मला तरी पटला नाही. पॉलचं मात्र सगळं गोड गोड. शेजारी मार्क लुइसनचं १९८८ चं रेकॉर्डिंग सेशन्सवरचं पुस्तक उघडं ठेवा. ते ईएमआयच्या टेप आणि नोंदींवरून केलेलं आहे, कुणाच्या आठवणीवर बेतलेलं नाही.

रेकॉर्डवेडी
+१. मॅल त्या-त्या दिवशी लिहून ठेवायचा, भले तीन ओळी का होईना. त्या तीन ओळींपुढे चाळीस वर्षांनी रंगवलेली तीस पानं मला फिकी वाटतात.

खरखर_७८
अहो, पण मॅलच्या तीन ओळींत स्वेटर कोंबलेला नाही ना! कोणत्या खोलीत, कोणत्या यंत्रातून, कशाने तो आवाज निघाला हे सांगायला तिथे बसलेला कारागीरच लागतो. संवाद सोडून द्या, तंत्राचा भाग घ्या.

तिसरी_घंटा
दोघांचंही पटतंय. :) बरं, नील अ‍ॅस्पिनॉलचं कुणी काही सुचवेल का? तो तर मॅलच्याही आधीपासूनचा.

गवतीचहा
नीलने लिहिलंच नाही. पॉल आणि जॉर्जचा शाळासोबती, अकाउंटन्सी शिकत होता. १९६१ च्या सुमारास जुनी व्हॅन घेऊन यांना कार्यक्रमांना पोचवायला लागला आणि पुढे १९६८ पासून २००७ पर्यंत बीटल्सची स्वतःची कंपनी अ‍ॅपल कोअर सांभाळली. कॉम्प्युटरवाल्या अ‍ॅपलशी कोर्टकचेऱ्या केल्या, ‘अँथॉलॉजी’ ही माहितीपटमालिका तडीस नेली. सगळ्यांची सगळी अंडीपिल्ली ठाऊक असलेला हा एकच इसम, आणि २००८ मध्ये ती पोटात घेऊन गेला. ‘अँथॉलॉजी’त त्याच्या मुलाखती आहेत, त्याच बघ. मोजकं बोलतो, पण काय बोलतो!

पोस्टमनची_नात
पत्रं फोडणारे म्हणालीस ना, मग फ्रेडा केली! बीटल्सचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन याच्या एनईएमएस कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा सतरा वर्षांची होती. पुढे फॅन क्लबची सेक्रेटरी झाली आणि बँड मोडल्यावरही आवराआवर होईपर्यंत राहिली. पुस्तक नाही, २०१३ चा माहितीपट आहे, ‘गुड ओल’ फ्रेडा’. सुरुवातीला तिने फॅन क्लबचा पत्ता म्हणून घरचाच पत्ता दिला. पत्रांचे ढीग यायला लागले आणि त्यांत वडिलांची बिलं सापडेनाशी झाली! एका मुलीने उशीचा अभ्रा पाठवला, रिंगोने यावर झोपावं म्हणून. फ्रेडाने तो नेऊन रिंगोच्या आईला दिला आणि काम करवून घेतलं. केसांची बट मागितली तर न्हाव्याच्या दुकानातून खरीच बट आणायची, कुणाचेही केस खपवायची नाही. असल्या कामाला पगार देऊन माणूस मिळत नाही.

पुढे साठलेल्या वस्तू बहुतेक चाहत्यांनाच वाटून टाकल्या. विकल्या असत्या तर बंगला झाला असता.

शंकासुर
एपस्टाइनचं ‘अ सेलरफुल ऑफ नॉइज’ (१९६४) कुणी सुचवलं तर थांबा. ते बीटल्सची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या डेरेक टेलरने शब्दांकन केलेलं आहे, बँड ऐन भरात असताना. गुळगुळीत आहे, खरं दुखणं त्यात येणं शक्यच नव्हतं. एपस्टाइन समलिंगी होता, असे संबंध इंग्लंडात १९६७ च्या जुलैपर्यंत गुन्हा होते आणि ऑगस्टात तर हा माणूस गेलाच, बत्तिसाव्या वर्षी. त्यापेक्षा विवेक तिवारींची ‘द फिफ्थ बीटल’ ही चित्रकादंबरी बघा. तपशिलांत मोकळीक घेतलीय, पण माणूस सापडतो.

एपस्टाइनचा सहकारी पीटर ब्राउन याचं १९८३ चं पुस्तक म्हणजे तू नको म्हणालीस ते नुसतं गॉसिप. पॉल आणि लिंडाने ते शेकोटीत टाकलं असं सांगतात. त्यासाठी घेतलेल्या मुलाखती मात्र २०२४ मध्ये जशाच्या तशा छापल्यात, त्या वाचनीय आहेत.

चकलीचा_सोऱ्या
अवांतर: मदतनीसांत आपलाही एक माणूस धरा. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन ‘वंडरवॉल’ या सिनेमाच्या संगीतासाठी मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आला. तिथे स्टिरिओची सोय नव्हती, तर एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं यंत्र रेल्वेने आणवलं. हॅरिसननेच हे सांगितलंय. बाहेरच्या रहदारीचा आवाज आत यायचा तो यायचाच. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ गाण्याचं वाद्यसंगीत तिथलंच. हे मेनन पुढे ईएमआयच्या जगभरच्या संगीत व्यवसायाचे प्रमुख झाले. त्यांचं चरित्र कुणी लिहिलं तर मी पहिला गिऱ्हाईक.

तिसरी_घंटा
वा.खू.सा. (वाचनखूण साठवली) हे स्वतःच्याच धाग्याला म्हणायची वेळ आली! आधी मॅल, मग एमरिक आणि शेजारी लुइसन. डेरेक टेलरचं स्वतःचं ‘फिफ्टी इयर्स अड्रिफ्ट’ कुणाकडे आहे का?

गवतीचहा
ते विसर. सह्या केलेल्या दोनच हजार प्रती काढल्या होत्या, १९८४ मध्ये. आता त्या भावात चांगला रेकॉर्ड प्लेअर येईल. डेरेकची लेखणी बघायचीच असेल तर ‘बीटल्स फॉर सेल’च्या कव्हरमागचा मजकूर त्याचाच आहे, फुकटात वाचून घे. आणि फ्रेडाचा माहितीपट पुस्तकांच्या आधी बघ, दीड तासात होतो.