पडद्याआड ऐकून सांगा

खर्जप्रेमी: काल एकांनी इथे लिहिलं की त्यांच्या दोन लाखांच्या उंच टॉवर स्पीकरवर बाया (तबल्यातला खर्जाचा, म्हणजे खालच्या सुराचा डावा) जसा घुमतो तसा छोट्या बुकशेल्फ स्पीकरवर घुमणं शक्यच नाही आणि 'ज्याला कान आहेत त्याला चाचणी लागत नाही'. हे वाचून डोकं सणकलं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली तेच श्रोते, तेच स्पीकर घेऊन दोनदा ऐकवलं, एकदा पडद्याआडून आणि एकदा डोळ्यांसमोर. समोर दिसताच मोठ्या, देखण्या खोक्यांचे गुण वाढले, छोट्या स्वस्त संचाचे घसरले. वर स्पीकरची जागा बदलल्याने आवाजात पडणारा फरक पडद्याआडून कळत होता, तो उघड्या डोळ्यांनी ऐकताना फारसा कळेना. कान तेच होते ना?

निषाद: तुमचा टूल ठेवा बाजूला. मी लहानपणापासून तबला वाजवतो. बायावर मनगट सरकतं तेव्हा सूर कसा चढतो ते मला कोणी शिकवू नये. दुकानात डोळे मिटूनच एक स्पीकर पसंत केला होता, महिनाभरात कान शिणले, विकून टाकला. घटकाभराच्या चाचणीत हे कळतं?

खर्जप्रेमी: दुकानदाराने दोन्हींचा आवाज सारखा ठेवला होता? एखाद्या डेसिबलने मोठा असला तरी तो 'जिवंत' वाटतो. विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

चौथा मजला: दोघेही खोली विसरताय. खाली फरशी, समोर काच, स्पीकर शोकेसमध्ये कोंबलेले, आणि वाद लाखांचा! ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झला पहिला अनुनाद, ८६ ला दुसरा, म्हणजे त्या सुरांना खोलीच घुमते. कोच हातभर सरकवला तरी खर्ज बदलतो.

निषाद: म्हणून मी भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावलेत.

चौथा मजला: त्यांनी खर्जाला काहीही होत नाही! कोपऱ्यात कापसाच्या जाड गाद्या उभ्या करा, त्याही भिंतीपासून जरा सोडून.

गृहिणी_ऐकते: गाद्या कोपऱ्यात आणि पाहुणे कुठे झोपवायचे? हॉल एकट्या स्पीकरचा नाही. आमच्याकडे याच पायी भांडणं झालीत.

चौथा मजला: मग खर्जाबद्दल तक्रार करू नका.

गृहिणी_ऐकते: तक्रार मी केलीच नाही, नीट वाचा. सभागृहांतला साउंडवाला तबल्याचा खर्ज फुगवून गायकाला बुडवतो, त्यावर कधी बोलणार? लोकांचे कान तिथेच बिघडलेत. घरी खरा बाया लागला की त्यांना तो पोकळ वाटतो.

निषाद: हे मात्र शंभर टक्के खरं. मंचावर माझाच बाया मला ओळखू येत नाही.

खर्जप्रेमी: म्हणजे सवयीने कान फसतो हे मान्य! मग किमतीने फसत नाही हे कशावरून?

निषाद: शब्दात पकडू नका. लावा चादर, बसतो मी. पण रेकॉर्डिंग माझं, आणि आठवडाभर ऐकणार.

खर्जप्रेमी: कबूल. पिंक नॉइज (चाचणीचा एकसारखा खरखराट) लावून बसायच्या जागी मीटरने आवाज जुळवायचा, एका वेळी एकच स्पीकर, जागा दोघांची तीच. अदलाबदल तिसऱ्या कोणीतरी करायची.

चौथा मजला: आणि शोकेसमधून बाहेर काढा आधी.