जुन्या पिकपचा टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात जातोय पण गाडी गरम नाहीये

जुनंते_सोनं:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे जुनी डिझेल पिकप आहे, काट्याचे मीटर असलेली. गेला महिनाभर टेम्परेचरचा काटा मधूनच सरळ एच (हॉट) कडे जातो, मी घाबरून गाडी बाजूला घेतो, बॉनेट उघडतो तर ना वाफ ना कूलंटचा वास, फॅन नीट फिरतोय. मेकॅनिकने आधी थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर उघडून कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह) बदलला मग सेन्सरपण नवीन टाकला तरी तेच. सेन्सर बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, त्याने काही होतं का? लोड घेऊन घाट चढताना या काट्यावर विश्वास ठेवू की नको तेच कळत नाही, जीव नुसता टांगणीला.

इंजिनवेडा:
आधी खरंच गरम होतेय का ते पक्कं करा, काट्याचं नंतर बघू. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर काटा वर असताना थर्मोस्टॅट हाउसिंगवर नेम धरून रीडिंग घ्या. थर्मोस्टॅट 82 डिग्रीला उघडणारा असेल तर 80 ते 90 मध्ये काहीतरी दिसायला हवं. आणि कूलंट गाडी पूर्ण थंड असतानाच बघा, गरम रेडिएटरचं झाकण कृपा करून उघडू नका, आत प्रेशर असतं, माझ्या हातावर अजून डाग आहे. अजून एक, कूलंट खाली गेलं की सेन्सर उघडा पडतो आणि काटा उलट थंडही दाखवू शकतो, त्यामुळे काटा खाली म्हणजे सगळं ठीक असं धरू नका.

वायरिंगवाला:
एका वायरचा सेन्सर असेल तर त्याचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट परत जायचा रस्ता) इंजिनच्या बॉडीतून, आट्यांमधूनच मिळतो, म्हणून टेप लावू नये हे खरं. पण तुमचा प्रॉब्लेम टेपचा नाही. इंजिन गरम झालं की या सेन्सरचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) कमी होतो आणि काटा वर जातो. टेपने अर्थ बिघडला तर रेझिस्टन्स वाढेल, म्हणजे काटा थंड दाखवेल, तुमचा तर गरम दाखवतोय. आता काटा वर असताना सेन्सरची वायर काढून बघा. काटा सावकाश सी (कोल्ड) वर आला तर वायर ठीक. नाही आला तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागतेय, मॅनिफोल्डजवळ (इंजिनला जोडलेला गरम धुराचा पाइप) वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं तिथे आधी शोधा.

जुनंते_सोनं:
थर्मामीटर मागून आणला. काटा एच ला टेकलेला तेव्हा हाउसिंगवर 84! वायर काढली तर काटा हळूहळू सी वर आला. म्हणजे वायर पण चांगली, सेन्सर पण नवा, मग राहिलं काय?

वायरिंगवाला:
एक सांगा, काटा वर जातो तेव्हा डिझेलचा काटा काय करतो?

जुनंते_सोनं:
अरे हो!! तोही फुलच्या वर जातो. टाकी अर्धी असताना. मला वाटलं टाकीतला फ्लोट (डिझेलवर तरंगणारा भाग) अडकतोय, दोन्हीचा संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

वायरिंगवाला:
मग झालं, सापडलं. जुन्या मीटरमागे व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, पत्र्याची छोटी डबी, तो दोन्ही काट्यांना एकच कमी केलेला सप्लाय देतो, बऱ्याच गाड्यांत सरासरी 10 व्होल्टच्या आसपास, काहींत 5. त्याचा अर्थ सुटला की तो कंट्रोलच करत नाही, बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज काट्यांना जातं आणि दोन्ही एकदम वर. त्याच्या आउटपुटवर लावलेल्या मल्टीमीटरचे आकडे सारखे वरखाली उड्या मारत असतील तर तो चालू आहे, 12-13 वर गप्प बसला तर मेला किंवा अर्थ नाही. नवीन घ्यायच्या आधी अर्थ साफ करा.

जुनंते_सोनं:
परवा क्लस्टर (डॅशबोर्डमधला मीटरचा पूर्ण सेट) बाहेर काढला. डबीच्या मागे जो स्क्रू अर्थ देतो त्याच्याखाली पांढरी पावडर आणि गंज, स्क्रू बोटाने फिरत होता! पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, खाली दातेरी वॉशर टाकला आणि तिथून बॉडीला एक जादा वायरही ओढली. टेपपण काढून टाकली. काल फुल लोडवर घाट चढलो, काटा मध्याच्या जरा वर जाऊन स्थिर, वर पोचल्यावर परत हाउसिंगवर बघितलं, 91. डिझेलचा काटापण बरोबर अर्ध्यावर. वायरिंगवाला दादा, मनापासून धन्यवाद, मी रेडिएटर उतरवायला निघालो होतो.

इंजिनवेडा:
91 लोडवर एकदम व्यवस्थित. जुना थर्मोस्टॅट टाकून दिला नसेल तर गरम पाण्यात टाकून उघडतो का बघा, चांगला असेल तर स्पेअर म्हणून गाडीतच ठेवा.